सव्वादोनच्या बांगड्या

ये गं, अशी जवळ बैस. म्हणजे हा कागद हातात घेशील तेवढा वेळ तरी तो फोन बाजूला ठेव. माझ्या डोक्यातली गाठ पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवलीस, आणि सख्ख्या मावशीला मात्र फोनवर "तब्येत कैसी है?" एवढंच विचारतेस. बरी आहे म्हटलं की झालं, संपलं! वर सांगतेस, सगळं आठवेल तसं लिहून ठेव. शाळा माझी चौथीपर्यंत. बोलते तसं लिहिते, चालवून घे.

सुरुवात हातांपासून झाली, पण आम्हाला पत्ताच नाही. लक्ष्मी गेटातली मनिहारिन, आपली बांगडीवाली, दर संक्रांतीच्या आधी घरी येऊन मला बांगड्या भरायची, मी नवी नवरी होते तेव्हापासून. पहिल्याच वर्षी हात दाबून म्हणाली होती, "सवा दो! हाथ नहीं जिज्जी, मक्खन है." त्या सव्वादोनच्या नाजूक मापाचा मला कोण तोरा! हळदीकुंकवाला चार बायकांत मुद्दाम हात पुढे करायचे. पुढे कधी विचारलं, नाप वाढलं का गं, तर ती हसायची. "वही सवा दो है जिज्जी. आप कहाँ बदलीं?" मला बरं वाटायचं.

पावलं वाढली तेव्हा तुझे काका म्हणाले, "चला, आता एकाच चपलेत दोघांचं भागेल." नाक रुंद झालं, आवाज जाड झाला. आम्ही म्हटलं, वय. मग लक्ष्मी तालाकडे, तलावावरच्या देवीला निघाले असताना बाजूने येणारी सायकल मला दिसलीच नाही. समोरचं स्वच्छ, कडेचं सगळं गायब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले, मग हात बघितले, मग जुना फोटो मागवला. आणि थेट डोक्याचा स्कॅन लिहून दिला.

तेव्हा तू धावत आलीस, हे कबूल. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आहे, तिनेच हातपाय वाढवले आणि डोळ्यांची नस दाबली, असं तूच समजावलंस. नाकातूनच काढणार, हेही. आणि मग हळूच म्हणालीस, "मावशी, काढलेली गाठ हमें देगी? अभ्यासाला?"

मी बिथरले. देह जावा तो सगळाच्या सगळा, एक तुकडा मागे फ्रिजमध्ये ठेवून कसं जायचं? काका म्हणाले, "दाढ उपटली ती कुठे जपून ठेवलीयस?"

तरी विचारलं, त्या मेल्या गाठीत अभ्यास करण्यासारखं काय आहे? तू म्हणालीस, गाठीत नुसत्या गाठीच्याच पेशी नसतात. रक्ताच्या बारीक वाहिन्या असतात, धाग्यांसारखं विणकाम असतं आणि शरीराच्या पहारेकरी पेशीही असतात. हे पहारेकरी गाठीला हटकायला येतात, पण तिथल्या वातावरणात राहून राहून काही गप्प बसतात, काही तर तिलाच पोसायला लागतात. मी म्हटलं, "म्हणजे फितूर!" तू लगेच मला थांबवलंस. "नाही मावशी, दोषी नहीं हैं. माहौल में ढल जाते हैं. त्यांना परत कामाला लावता येईल का, तेच तर बघतोय."

सही केली मी.

तुझ्या कागदावर एक रकाना होता, त्रास कधीपासून. कोणालाच सांगता येईना. तेव्हा मला बिस्किटांचा डबा आठवला. आमच्या घरची रीत तुला माहीत आहे, जुन्या बांगड्या उतरवताना प्रत्येक वर्षाची एक जपून ठेवायची. त्याच डब्यात, सुतळीत ओळीने ओवलेल्या. नाप मोजायला मनिहारिनलाच बोलावलं. तिने डबा उघडलेला बघितला आणि डब्यासमोर बसली. लाकडी मापावर एकेक चढवत गेली. सवा दो, सवा दो, पुढे दो-छह, मग ढाई, मग त्याच्याही वर. आठ वर्षांचं वाढणं तिथे ओळीने पडलं होतं.

"आपका जी दुखेगा, इसलिए नहीं बताया," म्हणाली. तू भराभर लिहून घेत होतीस. तिचे डोळे वाहत होते ते तू बघितलंस की नाही, कोण जाणे.

गाठ निघाली. कडेचं पुष्कळसं परत दिसतं, सायकली चुकवते. हाडं वाढली ती वाढली, हात ढाईच्या वरच राहणार. पण दोन संक्रांती गेल्या, मनिहारिन आली नाही. मी स्वतः लक्ष्मी गेटात गेले, तर दुकानाच्या आत जाऊन बसली. म्हटलं, "अगं, खोटं तू बोललीस, पण ऐकायला तर मलाच हवं होतं." म्हणाली, "मेरे झूठ से आपकी आँखें जातीं जिज्जी. अब ये हाथ आपको नहीं छुएँगे." तुझं ते पहारेकऱ्यांचं, दोषी नसतात म्हणून, सांगितलं, तेही तिला पटेना. शेवटी म्हणाली, "बिटिया खुद कहे, तो मानूँ." बिटिया म्हणजे तू.

मधे बाजारातून बांगड्या आणून मीच भरायला गेले, तर चार वाढवल्या आणि अंगठा कापून घेतला.

तेव्हा रजा टाक. तिच्यासमोर बस, आणि मला सांगितलंस तेच तिला तुझ्या तोंडाने सांग. तिळाची वडी केली की तुझी वाट बघते. संक्रांतीच्या आधी ये गं, माझे हात मोकळे आहेत.