नवमीला न उचललेला पाना

हंबीररावांचं गॅरेज इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत, घराला लागूनच. घराणं कित्येक पिढ्यांमागे फौजेबरोबर बेंगळूरला आलेलं. घोड्यांना नाल ठोकणारे हात पुढे लॉरीच्या इंजिनात शिरले, असं ते स्वतःच सांगत. तापट नव्हते, पण हट्टी. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणत, "स्वल्प दम धरा सर. इंजिन म्हणजे कुकरातला भात नव्हे, शिट्टी झाली की उतरवला!"

चौऱ्याण्णवच्या नवरात्रात त्यांच्याकडे रत्नाकरांची गाडी उभी होती. रत्नाकर सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मूळ कोल्हापूरचे. थोरल्या भावानं परदेशातून आणलेली जुनी टर्बो गाडी त्यांच्या वाट्याला आली होती. रेडिएटरचं पाणी उकळत असताना त्यांनी ती तशीच दामटली आणि इंजिनाच्या माथ्यावरचं हेड तडकलं. मुंबईच्या भंगार बाजारातून दुसरं हेड यायला महिना गेला. ते आलं अष्टमीला सकाळी.

हंबीररावांनी ते घासून साफ केलं, खाली नवी गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधली फट बंद करणारी पातळ चकती घातली आणि बोल्ट आवळले. मधून सुरुवात करून बाहेर, थोडं थोडं, तीन फेऱ्यांत. त्यासाठी त्यांच्याकडे काट्याचा पाना होता. बोल्टवर किती जोर पडला ते त्यावरचा काटा दाखवी. संध्याकाळी इंजिन चांगलं तापवून बंद केलं. रात्रभर थंड झालं की गॅस्केट बसते, बोल्ट सैल पडतात, म्हणून पुन्हा एकदा आवळायचे. टर्बोच्या गाडीला ही शेवटची फेरी चुकवून चालत नाही. आत जोर फार असतो.

पण दुसरा दिवस खंडेनवमीचा. सगुणाबाईंनी पहाटेच सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. काट्याचा पाना अगदी देवीच्या पायाशी. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. बेंगळूरच्या सगळ्या गॅरेजांत ही रीत; पण या घरात तिला धाक होता. हंबीररावांचा थोरला भाऊ विठोजी अशाच एका नवमीला कुणाच्या तरी आग्रहानं लॉरीखाली शिरला. जॅक निसटला. त्याला बाहेर ओढलं ते हंबीररावांनीच.

आरती नुकतीच झाली होती तोच रत्नाकर फाटकातून आत आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"हंबीरराव, गाडी द्या. बहिणीचा, नीलाचा फोन आला कोल्हापूरहून. बाबांचं काही खरं नाही म्हणाली. माझंच नाव घेतायत."

"बस बघितलीत, सर?"

"दसऱ्याची गर्दी. बस नाही, रेल्वे नाही, टॅक्सीवाले पूजेला बसलेत."

"एक फेरी आवळायची राहिलीय. उद्या सकाळी दसऱ्याची पूजा झाली की पहिलं तुमचंच काम."

"उद्या?" रत्नाकरांचा आवाज चढला. "अहो, पाच मिनिटांचं काम! देवी काय पाच मिनिटं डोळे मिटणार नाही?"

सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या, "तसं बोलू नका अण्णा. या घरानं एकदा भोगलंय."

"मग द्या, मी उचलतो पाना!"

"तुम्ही उचला की मी उचलू, तिच्या पायाशीच आहे तो," हंबीरराव म्हणाले.

त्यांनी बॉनेट उघडलं. हेडवर तळवा ठेवला. थंडगार. गाडी सुरू केली, कान लावला. आवाज स्वच्छ होता. आता गाडी द्यायची नाही म्हणावं, तर समोर बापाच्या ओढीनं आलेला मुलगा. पाना घ्यावा, तर डोळ्यांपुढे विठोजीचे लॉरीखालून दिसणारे पाय. हंबीररावांनी दोन्हींच्या मधलं केलं.

"न्या. पण हळू. टर्बोला जोर देऊ नका. पाण्याचा काटा बघत राहा."

"पोचेन ना?"

"पोचाल," ते म्हणाले.

चित्रदुर्गाच्या पुढे चढावर गाडीनं पांढरा धूर सोडला. पाणी संपलं, इंजिन बसलं. रत्नाकरांना एका कांद्याच्या लॉरीनं हुबळीपर्यंत नेलं, तिथून दुसऱ्या लॉरीनं बेळगाव. ते कोल्हापूरला पोचले तेव्हा भाऊ अग्नी देऊन परतला होता.

तेरावं झाल्यावर ते गॅरेजात आले. डोकं भादरलेलं. गाडी त्यांच्या आधीच ओढून आणलेली होती. हंबीररावांनी हेड उतरवून ठेवलं होतं, गॅस्केट एका बाजूनं फाटलेली दिसत होती.

सगुणाबाईंनी पाणी पुढे केलं. "देवीच्या मनात नव्हतं, अण्णा. आयुष्याची दोरी तेवढीच."

"गप," हंबीरराव म्हणाले. आजवर ते बायकोला असं परक्यासमोर बोलले नव्हते. "तिच्यावर घालू नको."

रत्नाकरांनी गॅस्केट हातात घेतली. "भंगारातलं हेड होतं. मुळातच वाकडं असेल?"

सुटायला वाट मिळाली होती. हंबीररावांनी ती क्षणभर पाहिली.

"हेड सरळ होतं, सर. मी मोजलंय. फेरी आवळली असती तर पोचला असता."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला.

"बाबांनी शेवटपर्यंत नीलाला विचारलं," रत्नाकर म्हणाले, "गाडी कुठवर आली. ती बिचारी सांगत राहिली, आता हुबळी, आता बेळगाव."

हंबीररावांनी मान खाली घातली. "पाना उचलायचा नव्हता, तर गाडी सोडायची नव्हती. उद्या या म्हणायचं होतं, तुम्ही शिव्या दिल्या असत्या तरी. ते माझ्याच्यानं झालं नाही."

"मी शिव्या दिल्याच असत्या," रत्नाकर म्हणाले. पाण्याचा पेला तसाच ठेवून ते निघून गेले.

हंबीररावांनी नवी गॅस्केट मागवली, हेड पुन्हा चढवलं, तापवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा आवळलं. गाडी न्यायला रत्नाकर आले नाहीत. ड्रायव्हर आला, किल्ली घेतली आणि "सरी, बरतीनि", बरं, येतो, असं कानडीत म्हणून गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत हंबीरराव आवाज ऐकत उभे राहिले. आवाज स्वच्छ होता. त्या दिवशीही तो असाच होता.