म्हशीने खाल्लेलं पेशीपटल

आमचं पेशीपटल म्हशीने खाल्लं. पूर्ण नाही, अर्धंच. पण उरलेल्या अर्ध्यावरही तिची जीभ फिरलेली होती.

दुसऱ्या दिवशी महागावला विज्ञान प्रदर्शन होतं, आणि माझ्या नववीतल्या गौरीला पेशीपटलाच्या प्रतिकृतीवर एकदा तरी नंबर हवा होता. "बाबा, थर्माकोल आणू ना. सगळे तेच आणून राह्यले."

"म्हणूनच नको! घरात आहे त्यातूनच करायचं." (मी फुलसावंगीत जीवशास्त्र शिकवतो. घरी आल्यावरही थांबत नाही.)

घरात काय होतं? गाईसाठी आणलेली सरकीची ढेप. ती गुळाच्या पाण्यात मळून मी गोळे वळले. ही पटलातल्या फॉस्फोलिपिडची डोकी, पाण्याची भारी हौस असलेली. प्रत्येक डोक्याला दोन शेपट्या हव्या होत्या, म्हणून आई कापसाच्या वाती वळायला बसली.

"दोन-दोन शेपट्या कायले रे?"

"रचनाच तशी आहे, आई. शेपट्यांना पाणी आवडत नाही, म्हणून त्या दोन थरांच्या मधे दडून बसतात."

"मंग तुह्यावरच गेल्या. तू बी आंघोळीच्या वक्ती कणगीमागं दडून बसत होता."

परातीत गोळ्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या, शेपट्या आत. मधेमधे आत-बाहेरची ये-जा राखणारी प्रथिनं म्हणून आरपार कोरलेली गाजरं. कोलेस्टेरॉल म्हणून शेंगदाणे. पटलातलं सगळं सरकतं असतं, म्हणून तळाला तेलही सोडलं! परात अंगणात उन्हात ठेवली.

"लक्ष ठेवा हं, बाबा," म्हणून गौरी आत माहितीचा फलक रंगवायला गेली.

लक्ष मी ठेवणारच होतो. पण शेजारचे नामदेवभाऊ म्हैस चारून परतताना दिसले, आणि मी फाटक उघडून त्यांना थांबवलं. "भाऊ, पेशीपटल म्हणजे पेशीचं फाटक! हवं तेवढंच आत घेतं. नको ते बाहेर!"

"सर, म्हैस..."

"म्हशीच्याही पेशीला असतं! प्रत्येक पेशीला असतं!"

"तसं नाही, सर. म्हैस आत गेली ना!"

वळून पाहतो तर एक रांग गायब, आणि बाईसाहेब गाजराकडे वळलेल्या. नामदेवभाऊंनी तिला कसंबसं ओढलं, परातीत डोकावले आणि गंभीरपणे म्हणाले, "ढेप, गूळ, शेंगदाणे... सर, तुमी त म्हशीचाच खुराक मांडला. तिचा काय कसूर?"

गौरी बाहेर आली. रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "थर्माकोल नसतं खाल्लं तिनं," एवढंच म्हणाली आणि परात उचलून आत घेऊन गेली. मला खोलीत येऊ दिलं नाही.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "बेटा, याची एक बाजू कुठे आहे?"

"सर, हे फाटलेलं पटल आहे. असं झालं का पेशीत कोणी बी घुसते."

"पण फाटलं कशाने?"

गौरीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "फाटकावरचं प्रथिन बोलत बसलं होतं, सर."

दुसरा नंबर आला! गावात पोचताच मी धावत नामदेवभाऊंकडे गेलो आणि सगळं अगदी सविस्तर सांगितलं. घरी परतलो तेव्हा आई अंगणातून म्हैस हाकलत होती. घाईत फाटक मी उघडंच टाकून गेलो होतो.