मचव्यातलं डोहाळजेवण

मचवा मी ठरवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या घरातल्या प्रत्येकानं तो आपणच ठरवल्याचं चारचौघांत सांगितलं आहे. माझे चुलते, ज्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, ते तर तो आपण हाकलासुद्धा असं सांगत. प्रत्यक्षात नाना त्या दिवशी मचव्याच्या फळ्यांवर आडवे पडून होते आणि त्यांच्या उशाशी मी स्वतः बादली ठेवली होती.

आमचं गाव तापीकाठचं. स्टेशन अमळनेरचं, तिथून पुढे बैलगाडी. घरी कपाशीची शेती होती आणि मी धुळ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. घरातली शिकलेली मी एकटीच, त्यामुळे शहराशी संबंध येणारं प्रत्येक काम माझ्या गळ्यात पडे. मला ते आवडायचंही. दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती, पण तिच्या बातम्या येऊ लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट.

माझी धाकटी बहीण मुंबईला दिली होती, दादरच्या एका घरात. लग्न आमच्या गावी झालं. वऱ्हाडाच्या गाड्या नदीच्या वाळूतून येताना विहीणबाईंच्या गाडीचा आस मोडला आणि त्यांना अंगावर जड शालू घेऊन भर उन्हात वाळू तुडवत मांडवात यावं लागलं. मुहूर्त जेमतेम गाठला. त्याला दोन वर्षं झाली तरी विहीणबाईंच्या तोंडी ती कालचीच गोष्ट होती. बहिणीला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईला विचारायला गेले. विहीणबाईंनी चहा दिला, शंकरपाळे दिले आणि सांगितलं, "तुमच्याकडे वेळेवर काही पोचत नाही. तिथे वऱ्हाड पोचलं नाही, डॉक्टर काय पोचणार?"

बोलणं झोंबलं, पण ते अगदीच खोटं नव्हतं म्हणून जास्त झोंबलं. आबांनी परत येऊन ते जसंच्या तसं घरात सांगितलं. आईनं मात्र ते बोलणं ऐकूनच घेतलं नाही. तिनं आतली खोली चुन्यानं रंगवून घेतली, बाज नव्यानं विणून घेतली, डिंक निवडायला बसली. आपल्याच लेकीला आणण्यासाठी कुणाच्या दारात जाऊन आर्जवं करणार नाही, एवढंच तिनं आम्हाला सांगितलं. तुम्ही जा, काय करायचं ते करा आणि पोर घेऊन या.

आता काय करायचं, हे माझ्यावर आलं. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण माहेरच्यांनी केलं तर त्याला सासरचे नाही म्हणू शकत नाहीत. डोहाळजेवण झालं की पोरीला घेऊन जायचा विषय आपोआप निघतो. आमच्याकडे डोहाळजेवणाला केळीच्या सोपटांची होडी करतात, तिच्यात गर्भारशीला बसवतात आणि ओटी भरतात. माझ्या मनात आलं, मुंबईच्या ह्या लोकांच्या खिडकीतून समुद्राचा वारा येतो, पण त्यांच्या घरात कुणी सुनेला खऱ्या होडीत बसवलं आहे का? नाही ना? मग आपण बसवू. त्यांच्याच समुद्रावर ते पाहुणे आणि आपण यजमान. ही कल्पना सुचली त्या दिवशी मी शाळेतल्या मुलींना अर्धा तास आधी सोडलं, इतकी मी खूश होते.

नाताळच्या सुट्टीत आबांना घेऊन मुंबई गाठली. आमची कपाशी ज्या दलालामार्फत शिवडीला विकली जायची ते मूळचे मारवाडचे, पण शिवडीच्या धक्क्यावरचा प्रत्येक माणूस त्यांना ओळखे. त्यांनी मचवा चालवणाऱ्या एका तांडेलाशी गाठ घालून दिली. मचवा मजबूत होता, शीड नवं होतं, पण मासळीचा वास असा, की आबांनी उपरणं नाकाला लावलं. मी तांडेलाला सांगितलं, मचवा तीनदा धुवायचा, वर कापडाचं छत हवं, खाली सतरंज्या आम्ही घालू, पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे हवेत आणि दुसरा एकही उतारू घ्यायचा नाही. तांडेल हसला. "बाई, लग्न आहे काय?" म्हणाला. मी म्हटलं, "लग्नापेक्षा मोठं आहे." मग मी दिवस सांगितला तसं त्यानं बोटांवर तिथी मोजून सांगितलं, त्या दिवशी जेवण उरकून दुपारी या, तेव्हा पाणी चांगलं असेल. मी मान डोलावली.

गावी आल्यावर भटजींनी त्याच दिवसाचा मुहूर्त काढला, तो सकाळी नऊचा. आबा म्हणाले, मुहूर्तावरच नाव सुटली पाहिजे, ह्या खेपेला मिनिटाचाही उशीर नको. मलाही ते पटलं. आम्ही तापीकाठची माणसं. आमच्याकडे नावाड्याला काठावरून हाक मारली की तो नाव आणतो, सकाळी मारा नाहीतर संध्याकाळी. नदी काय कुठे जाते का? मी दलालांना कळवून टाकलं की मचवा सकाळी तयार ठेवा. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे मी त्याच आठवड्यात पाचवीच्या फळ्यावर लिहिलं होतं. सुंदर आकृती काढली होती.

संक्रांत झाल्यावर आम्ही वीसजण निघालो. भाऊबंद, चुलत्या, आत्या, नाना. बरोबर भरताची हिरवी वांगी दोन टोपल्या आणि पऱ्हाट्यांची मोठी मोळी. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या. त्यांच्यावर भाजल्याशिवाय वांग्याला आमची चव येत नाही आणि बहिणीला डोहाळे लागले होते ते नेमके त्याचे. मुंबईत जळण मिळतं, असं गाडीतल्या तिकीट तपासनिसानं आम्हाला समजावून पाहिलं. नाना त्याला म्हणाले, "तुन्हं जळण तुले ठेव." पुढे जळगावपर्यंत तो आमच्या डब्यात फिरकला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही नवाच्या आधी शिवडीच्या बंदरावर हजर. पाठोपाठ चार व्हिक्टोरियांतून विहीणबाई, त्यांच्या नणंदा, जाऊबाई, सगळ्या रेशमी साड्यांत, आणि मधे माझी बहीण, हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत. मचवाही होता. झेंडूच्या माळा लावलेला, छत बांधलेला, धुऊन लखलखीत केलेला. फक्त तो चिखलात उभा होता. त्याच्या चारी बाजूंना जिथवर नजर जाईल तिथवर काळा चिखल होता आणि त्यात बगळे हिंडत होते.

"पानी कोठे गयं?" आबांनी मला विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तांडेल काठावर विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "तुम्ही सकाळी पाहिजे म्हणालात, म्हणून रात्रीच्या भरतीला आणून लावला. आता पाणी आलं की निघेल." पाणी कधी येणार विचारलं तर म्हणाला, दुपारी, मी सांगितलं होतं तेव्हा.

विहीणबाईंनी चिखलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात विचारलं, "मास्तरीणबाई, समुद्र कुठे ठेवलात?"

त्यांच्या नणंदा तोंडाला पदर लावून हसल्या. माझी बहीण खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मला तिच्या त्या लाल कानांचा फार राग आला. तिचा नाही, तिला असं उभं राहावं लागतं ह्याचा. मी म्हटलं, "येतोय तो. मुहूर्त चुकू नये म्हणून आम्ही आधी आलो."

बोलून तर गेले, पण पुढे चार तास आमच्या वीस आणि त्यांच्या पंधरा माणसांचं करायचं काय? परत दादरला पाठवावं, तर पोर आमच्या हातून गेली. विहीणबाईंचं म्हणणंच खरं ठरलं असतं. मी पऱ्हाट्यांच्या मोळीकडे पाहिलं. वांगी मचव्यातच भाजायची असा माझा बेत होता, तापीवरच्या नावेत आम्ही भाजतोच. पण तांडेलानं मोळी पाहून आधीच हात जोडले होते, शिडाखाली विस्तव चालणार नाही म्हणून. ठीक आहे. मी पदर खोचला आणि बंदरावरच, एका मोडक्या भिंतीच्या आडोशाला, जाळ केला.

मग आमच्या बायकांना काही सांगावं लागलं नाही. एकीनं वांग्यांना तेलाचा हात फिरवून टोचे मारले, एकीनं लसूण-मिरची घेतली, सतरंज्या मचव्याऐवजी भिंतीच्या सावलीत पडल्या. पऱ्हाट्यांचा जाळ भसकन येतो आणि पटकन बसतो, म्हणून वांगी सारखी फिरवत राहावी लागतात. ते काम आबांनी घेतलं. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते जाळापाशी बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला ते आपल्या घरी असल्यासारखे दिसले. वास सुटला तशी कोळ्यांची बायका-मुलं जमली, त्यांनाही बसवून घेतलं. कुणी मागायच्या आधी त्या लोकांनी आम्हाला नारळाचं पाणी आणून दिलं.

पहिलं पान बहिणीला वाढलं. ती इतकं जेवली, की मला रडू आवरेना. सासरी तिला काही कमी नव्हतं, पण जे हवं ते मागायची तिला सवय राहिली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. विहीणबाईंनी आधी चिमूटभर घेतलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "केवढं हे तिखट!" म्हणाल्या आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, आणखी अर्धी भाकरी घेतली. त्यांच्या नणंदांनी तर मागे वळून पाहिलं नाही.

आणि मग पाणी आलं. कुणी पाहिलंच नाही कधी आलं ते. तांडेलानं हाक मारली तेव्हा बगळे गेले होते आणि मचवा हलत होता. त्यानं नारळ वाढवून समुद्राला दिला, आम्ही फळीवरून एकेक करून चढलो आणि शीड वर गेलं. मुंबईचा किनारा सरकायला लागला. नाना, ज्यांनी पुराच्या तापीत उडी मारल्याच्या कथा वाटभर सांगितल्या होत्या, ते ताबडतोब आडवे झाले. बहीण मात्र टवटवीत होती. मधल्या पाटावर बसवून आम्ही तिची ओटी भरली. वाऱ्यानं तांदूळ उडत होते आणि ती हसत होती.

ओटी झाली आणि पुढचा विषय काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी बोलणार होते. नर्स ठरवली आहे, ती पंधरा दिवस आधीपासून घरी राहायला येणार आहे, अमळनेरच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे, असं सगळं मी पाठ केलं होतं. पण विहीणबाईंनी माझ्याकडे न बघता आबांना विचारलं. आता त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. "पोरीची वेळ भरली आणि तेव्हाही असंच झालं तर हो?"

दिवसभर आबा त्यांच्याशी जपून, पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होते. ते सोडून देऊन ते आपल्या बोलीत म्हणाले, "विहीणबाई, आज आम्ही समुद्रना आधी ईसन बसनूत. बाळना आधी बी आम्हीच हाजर ऱ्हासूत."

विहीणबाईंनी सुनेच्या डोक्यावरून सरकलेली फुलांची वाडी सारखी केली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. बाळ सव्वा महिन्याचं झालं की मी स्वतः न्यायला येईन. वाळूतून चालत आले तरी चालेल."

पुढे मी मुख्याध्यापिका झाले, माझे सत्कार झाले, शाली मिळाल्या. पण ऊर तेव्हा जसा भरून आला तसा पुन्हा आला नाही. माझा हिशेब चुकला होता आणि माझी माणसं बरोबर होती.

अमळनेरला गाडी थांबली तेव्हा आई फलाटावर होती. ती घरी वाट बघेल असं आम्हाला वाटलं होतं, पण ती आदल्या रात्रीच गाडी जुंपून आली होती आणि तिच्याबरोबर गावातल्या निम्म्या बाया. समुद्र कसा होता, मचवा कसा होता, काही तिनं विचारलं नाही. आमच्या एकेकाच्या तोंडावरून तिची नजर पुढे पुढे जात राहिली. मग बहीण डब्याच्या दारात आली. आईनं दोन्ही हात वर केले आणि तिला उतरवून घेतलं.