गाडी टाकीपाशी वळते

गल्लीत तिला सगळे माईकताई म्हणतात, आणि तिचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतही पोहोचत नाही. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, लोक तिची थट्टा करतात. पण ती थट्टा नाही. एके काळी सगळा मतदारसंघ तो आवाज ओळखायचा.

तेव्हा ती बस स्थानकावर उद्घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, एवढंच काम. पण ती ते असं सांगायची की घाईतला माणूसही ऐकत उभा राहायचा आणि त्याची गाडी निघून जायची. वकीलसाहेबांची अशीच गाडी चुकली. ते पहिल्यांदाच आमदारकीला उभे राहणार होते. त्यांनी काचेवर टकटक केलं.

"मुली, माझ्यासाठी बोलशील?"

"काय बोलायचं?"

"ते तूच ठरव. मला भाषण येतं, बोलता येत नाही."

तिने ठरवलं. समोरच्या उमेदवाराबद्दल वावगं एक अक्षर काढायचं नाही, आणि प्रत्येक गल्लीशी तिचं नाव घेऊन बोलायचं. प्रचाराआधी ती सगळा मतदारसंघ पायी हिंडली, दारादारांत थांबली, कुठे काय अडलंय ते विचारत गेली. मग जीपमध्ये बसून ज्या गल्लीचं दुखणं त्या गल्लीतच बोलायची. "छापखान्यामागच्या मावश्यांनो, तुमच्या नळाला पाणी यायचं आहे." "ओढ्याकाठच्या दादांनो, पाणी चढलं की तुमच्या मुलांची शाळा बुडते, तिथे पूल व्हायचा आहे." शेवटी तिची स्वतःची, पाण्याच्या टाकीपलीकडची गल्ली. तिथे तिच्या आईला दमा होता. तिथे आल्यावर तिचा आवाज जरा उतरायचा. "टाकीपलीकडच्या माझ्या माणसांनो, दम लागलेल्याला पाठीवर घेऊन आपण किती दिवस पळायचं? आपला दवाखाना आपल्या गल्लीत व्हायचा आहे." बाकी सगळ्यांना ती 'तुमच्या' म्हणायची. 'आपला' फक्त इथेच.

वकीलसाहेब निवडून आले. पुढच्या निवडणुकीला ती पोटुशी होती, जीपचे हिसके सोसणं शक्य नव्हतं. म्हणून तिच्या नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानात, मागच्या खोलीत, चारी बाजूंनी कापडाचे तागे रचून तिचं सगळं बोलणं टेपवर घेतलं. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्यांना त्या दिवशी कात्रीसुद्धा चालवायची मनाई होती.

लेक पाळण्यात असताना गळ्यात गाठ आली. शस्त्रक्रिया नीट झाली, असं डॉक्टर म्हणाले. गाठ गेली, जीव वाचला, आणि आवाजाच्या जागी नुसता वारा उरला. बस स्थानकाने तिला तिकीट खिडकीमागे हिशेबाला बसवलं. तिने तक्रार केली नाही. करायची तरी कोणत्या आवाजात?

पण टेप राहिली होती. दर निवडणुकीला जीप गल्लीत यायची आणि जीपच्या टपावरून ती तरुण मुलगी बोलायची. माईकताई दारात येऊन उभी राहायची. आरशात वय दिसतं, पण इथे कान तिला क्षणात मागे घेऊन जायचे. तिला हेवा वाटायचा, स्वतःचाच. मास्तर आतून म्हणायचे, "लग्न मी त्या आवाजाशी केलं होतं हो, तू आपली बरोबर आलीस."

"मग जा की तिच्यामागे," ती कुजबुजायची.

"पळवत नाही आता. नाहीतर गेलो असतो."

टेप जुनी होत गेली आणि तिची गंमतही झाली. छापखान्यामागे नळ केव्हाच आला, तरी टेपमध्ये तो यायचाच राहिला. ओढ्यावरचा पूल टेपमध्येही व्हायचा होता आणि ओढ्यावरही. भाजीच्या दुकानात ओढ्याकाठची एखादी बाई तिला हमखास गाठायची. "काय माईकताई, पूल कधी देताय?" तिला हसूही यायचं आणि ओशाळायलाही व्हायचं. निवडून वकीलसाहेब यायचे, शब्द मात्र लोकांनी तिचा धरला होता. एकदा ती साहेबांच्या कचेरीत जाऊन, कागदावर लिहून, पुलाबद्दल विचारून आली. साहेब म्हणाले, "प्रस्ताव वर गेलाय." गल्लीतल्या दवाखान्याचाही वरच गेला होता. आई तोवर गेलीच.

मग नात झाली, चुरूचुरू बोलणारी. "आजी, तू हळू का बोलतेस? कुणी झोपलंय का?" असं ती बोलायला लागल्यापासून विचारायची. माईकताईने मनाशी ठरवून टाकलं, यंदा गाडी आली की हिला कडेवर घेऊन दारात उभं राहायचं आणि सांगायचं, ऐक, ही मी.

त्याच वर्षी मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. पेपरात नकाशा आला तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसून पुसून पाहिला. हद्दीची रेघ बरोबर टाकीवरून गेली होती. टाकीच्या अलीकडचं सगळं वकीलसाहेबांकडे राहिलं. पलीकडची एकच गल्ली शेजारच्या मतदारसंघाला गेली, तिथल्या साखर कारखान्याच्या मालकांकडे, ज्यांचं तोंडही गल्लीने कधी पाहिलं नव्हतं.

"माहेर बदललं म्हणायचं आपलं," शेजारीण म्हणाली.

"माहेर कसलं, सासर," मास्तर म्हणाले. "माहेर असतं तर कुणी विचारायला आलं असतं."

प्रचार सुरू झाला. गल्लीत कारखानदारांची गाडी आली. त्यात एक बाई 'मतदार बंधू-भगिनींनो' म्हणत गेली. गल्लीचं नाव नाही, काही नाही. वकीलसाहेबांची गाडी लांबून ऐकू यायची, छापखान्यापर्यंत यायची, आणि आवाज परत विरत जायचा. माईकताई हातातलं काम टाकून कान देऊन बसायची. अक्षर लागायचं नाही, नुसती लय कळायची.

लेक म्हणाली, "आई, एवढा जीव टांगणीला लावतेस कशाला? तो आवाज कचेरीतून फोनवर मागवून घेऊ ना."

तिने मान हलवली. "तो खोलीत ऐकायचा आवाज नाही. लांबून यायला पाहिजे, जवळ यायला पाहिजे."

तरी ती कचेरीत गेलीच. तिथे प्रचार सांभाळणारे भाऊ खुर्च्यांच्या गराड्यात बसले होते. तिला बघून उठले, चहा मागवला.

"एकदाच," ती म्हणाली. "एक फेरी आमच्या गल्लीत."

भाऊंना वाकून ऐकावं लागलं. "ताई, तुम्हाला नाही म्हणायला जिवावर येतंय. पण गाडीला परवानगी इथलीच. हद्द ओलांडली की कारखानदारांची माणसं लगेच तक्रार ठोकतील. शेवटच्या दिवशी टाकीच्या चौकापर्यंत पाठवतो. तुम्ही तिथे या."

शेवटच्या दिवशी ती नातीला घेऊन चौकात गेली. टाकीच्या सावलीत, रस्त्याच्या आपल्या बाजूला, दोघी उभ्या राहिल्या. नातीला कंटाळा आला होता. तिने दोनदा बूट काढून दगड झटकला. मग लांबून आवाज आला.

माईकताईच्या अंगावर काटा आला. छापखान्यामागच्या मावश्या, ओढ्याकाठचे दादा, एकेक गल्ली घेत ती मुलगी जवळ येत होती. अजून तशीच, न थकलेली.

"आजी, ही बाई कोण?"

"मी."

नातीने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हॅट. खोटं."

"खरंच. ऐक, आता आपल्या गल्लीचं नाव घेईल."

गाडी चौकात आली. माईकताईने श्वास रोखला. तिला ती जागा पाठ होती. दूध डेअरीच्या गल्लीचं वाक्य संपलं की छोटा श्वास, आणि मग टाकी. डेअरीचं वाक्य संपलं. श्वाससुद्धा ऐकू आला. आणि एकदम ढोल वाजले आणि नवीन गाणं सुरू झालं.

गाडी वळता वळता थांबली. ड्रायव्हरमामा जुनेच होते, तिला पहिल्या जीपपासून ओळखत होते. त्यांनी गाणं बंद केलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"ताई, मला माहीत होतं तुम्ही येणार. तेवढा तुकडा भाऊंनी कापायला लावला. दुसऱ्या मतदारसंघाचं नाव निघालं तर भानगड होईल म्हणाले."

"जुनी टेप?"

ते तिच्या ओठांकडे बघून समजले. "तिला बुरशी आली होती. कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि जुनी टाकून दिली. आता आहे ती ही, कापलेलीच. मी म्हटलं होतं, ठेवा म्हणून. पण ड्रायव्हरचं कोण ऐकतं?"

मामा प्रचाराची वेळ संपत आल्याचं सांगून गाडी वळवून घेऊन गेले. तिचा आवाज पुन्हा लांब जाऊ लागला, ज्यांना अजून पूल मिळायचा होता त्यांच्याकडे.

"तिने आपलं नाव नाहीच घेतलं," नात म्हणाली. "तू फसवलंस."

माईकताई गुडघे दुमडून तिच्यासमोर बसली. एवढ्या वर्षांत तिने ते वाक्य कधी तोंडातून काढलं नव्हतं. आवाजच नाही तर कशाला, म्हणून. आता तिने तो छोटा श्वास घेतला आणि उरलेल्या वाऱ्यावर म्हणाली, "टाकीपलीकडच्या माझ्या माणसांनो, दम लागलेल्याला पाठीवर घेऊन आपण किती दिवस पळायचं?"

तिलाच दम लागला. पुढचं निघेना. पण लय तीच होती. 'माझ्या'वर उतरणारी, 'पळायचं'वर रेंगाळणारी.

नात टक लावून बघत राहिली. तिने आजीच्या गळ्यावरच्या वणावर बोट ठेवलं.

"ती तूच आहेस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पुढे काय?"

"आपला दवाखाना आपल्या गल्लीत व्हायचा आहे."

"कधी?"

चौकातली रहदारी कमी झाली होती. प्रचाराची वेळ संपली होती, कुठूनही भोंगा ऐकू येत नव्हता. माईकताई नातीचा हात धरून उठली. गल्लीकडे चालताना नातीने दोनदा तोच प्रश्न विचारला, तिसऱ्यांदा मोठ्याने, अगदी खणखणीत विचारला. शिलाईच्या दुकानातून मास्तरांनी, जीप आली की काय म्हणून, मान वर करून पाहिलं.