पहिले सोळा मेगाबाइट

आमच्या वर्गात आम्ही एकसष्ट जण होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चार-चारचे गट करायचे, असं ज्या आठवड्यात ठरलं त्या आठवड्यात मी पोळ्याला गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा पंधरा गट होऊन गेले होते. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. एकसष्टला चारनं भागलं की एक उरतोच.

गाईड सर तेलुगू होते, माझ्याशी हिंदीत बोलायचे. ते म्हणाले, ‘‘किसी ग्रुप में डाल देता हूँ तुमको. पाँच हो जाएँगे, क्या फरक पड़ता है?’’

मी म्हणालो, ‘‘नको सर, मी एकटा करतो.’’

ते धाडस नव्हतं. आधीच जमलेल्या चौघांपुढे जाऊन उभं राहायचं आणि त्यांनी एकमेकांकडे बघायचं, हे मला नको होतं. सरांनी चष्मा काढला. ‘‘सोच लो. डेमो में तुम्हारे लिए बोलने वाला दूसरा कोई नहीं रहेगा. फेल हुए तो साल गया.’’

साल गेलं असतं तर मी गेलोच असतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडिलांनी, अण्णांनी, चार वर्षं म्हटलं होतं. मी हैद्राबादला कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकतोय अशी त्यांची समजूत होती आणि ती मी कधी बदलली नाही. पाचवं वर्ष मागायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

विषय मी निवडला तो साधा वाटला म्हणून. शहराच्या पलीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, तिथल्या कंपन्यांना नवी मशिनं येत होती आणि त्यांनी टाकलेली जुनी आमच्या लॅबला मिळत होती. म्हणून लॅबमध्ये सगळ्या वयाची मशिनं शेजारी शेजारी बसलेली असायची. त्यांवर आम्ही एक मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चालवायचो. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, कुणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो. तो वाचताना मला दिसलं की तो मेमरीचे विभाग पाडतो आणि पहिले सोळा मेगाबाइट बाजूला राखून ठेवतो. जुनी काही कार्डं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. त्यांना पत्ता सांगायला चोवीसच तारा असतात, म्हणून सोळा मेगाबाइटच्या पलीकडचं त्यांना दिसतच नाही. त्यांच्यासाठी ही राखीव जागा.

पण नव्या मशीनमध्ये अशी कार्डंच नसतात. तरी कर्नल तो विभाग सांभाळतो, मेमरी देता-घेताना त्याचा हिशेब बघत राहतो. मी ठरवलं की हा विभाग ऐच्छिक करायचा. कर्नल तयार करताना एक प्रश्न विचारला जाईल: जुन्या उपकरणांचा विभाग हवा का? ‘नाही’ म्हटलं की तो नसेल.

सरांनी विचारलं, ‘‘फायदा कितना?’’

‘‘थोडासा, सर.’’

ते हसले. ‘‘सच बोलते हो, ये अच्छा है. करो.’’

साधा वाटलेला विषय साधा नव्हता. कोड लिहिणाऱ्यांनी तो विभाग असणारच असं धरून ठिकठिकाणी लिहिलं होतं. एका जागी काढला की दुसऱ्या जागी अडायचं. मशीन चालू केलं की स्क्रीन काळी. चूक सांगणारी ओळसुद्धा नाही, कारण चूक सांगण्याइतकाही कर्नल उभा राहिलेला नसायचा. असे दोन महिने गेले. प्रत्येक प्रयत्न मी एका वहीत मराठीत लिहून ठेवायचो. ‘आज पाचवी जागा बदलली. काळी.’ ‘आज परत पहिल्यासारखं केलं. चालू.’ बाकीच्या गटांत कोड लिहिणारा एक, रिपोर्ट लिहिणारा एक, डबे आणणारा एक आणि नुसता गप्पा मारणारा एक असायचा. मला त्या चौथ्याचा सगळ्यात हेवा वाटायचा.

लॅब सांभाळणारे काका आमच्याकडचेच, म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी बिदरकडून आलेल्या मराठी घरातले. त्यांची मराठी ऐकली की आधी हसू यायचं आणि मग बरं वाटायचं.

‘‘जेवला का बा?’’

‘‘हो काका.’’

‘‘झूट नक्को बोलू. डबा तर तसाच दिसून राहिला.’’

दिवसभरात माझ्याशी मराठीत बोललेली तेवढीच वाक्यं. रविवारी लॅब बंद असायची. तेव्हा मलकपेठेतल्या माझ्या खोलीतून निघून मी रेसकोर्सच्या भिंतीच्या कडेनं चालत जायचो आणि परत यायचो. आत शर्यत असली की लोक ओरडताना ऐकू यायचे. भिंत उंच होती, घोडे काही दिसायचे नाहीत.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी एका सकाळी मशीन चालू झालं. विभाग नाही आणि तरीही चालू. मी कीबोर्ड चालवून पाहिला, हार्ड डिस्क पाहिली, नेटवर्कवरून एक मोठी फाइल आणून पाहिली. सगळं ठीक. दहा वेळा बंद करून दहा वेळा चालू केलं. वहीत लिहिलं, ‘झालं.’ सांगायला कुणी नव्हतं. काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हौ? मग आता तरी जेव.’’

डेमोला बाहेरच्या परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या, इथल्या एका कंपनीत नोकरीला. माझी वही बघून त्या थेट मराठीतच बोलायला लागल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये मध्ये मान हलवली. मग पर्समधून एक कोरी फ्लॉपी काढली. परीक्षकांनी कोड डेमोच्याच मशीनवरून आपल्या फ्लॉपीवर न्यायचा, ही आमच्या कॉलेजची जुनी पद्धत. वरच्या वर्गातल्या मुलांकडून बाकी साठ जणांना ती ठाऊक होती. मला ती त्या क्षणी कळली.

फ्लॉपी आत गेली. हिरवा दिवा लागला, आतून घरघर झाली आणि मशीन गोठलं. माऊसचा बाण अर्ध्या स्क्रीनवर तसाच.

काय झालं ते मला लगेच कळलं, आणि तेच जास्त वाईट होतं. फ्लॉपीचा कंट्रोलर त्या जुन्या जातीतला. त्याला सोळा मेगाबाइटच्या आतली जागा हवी होती. माझ्या कर्नलनं त्याला कुठली तरी वरची जागा दिली. तेवढा मोठा पत्ता त्याच्या चोवीस तारांत मावला नाही, आणि वाचलेलं सगळं त्यानं दुसऱ्याच कुणाच्या जागेत नेऊन ओतलं.

‘‘फ्लॉपी तपासली होतीस?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘नाही, मॅडम.’’

‘‘साउंड कार्ड? प्रिंटर?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तपासलंस काय तू?’’

‘‘मी जे वापरतो ते.’’

‘‘आणि चार वर्षांत तू फ्लॉपी वापरली नाहीस?’’

‘‘कुणाला द्यायची वेळ आली नाही,’’ मी म्हणालो.

मी ते फक्त माहिती म्हणून सांगितलं होतं. पण सर एकदम रिपोर्टची पानं उलटायला लागले. मॅडमनी आपली फ्लॉपी काढून घेतली. मग म्हणाल्या, ‘‘ज्याला नको त्याला हा विभाग काढता यावा, हे तुझं म्हणणं चांगलं आहे. पण कुणाला नको, हे तू कुणाला विचारलंस?’’

मी वही मिटली.

‘‘माझे अजून सात गट व्हायचेत. चार वाजता परत येईन. निदान या लॅबमध्ये कोण काय वापरतं तेवढं तरी शोधून नीट कर. नाही झालं तर मला शून्य लिहावं लागेल. गट असता तर कुणाच्या तरी आधारानं भागलं असतं. तू एकटा आहेस.’’

अकरा वाजले होते. त्या मशीनवर कर्नल नव्यानं तयार व्हायला चाळीस मिनिटं लागायची. काय करायचं ते डोक्यात स्पष्ट होतं. ज्या उपकरणाला तो विभाग लागतो त्याच्या नोंदीत तसं लिहायचं. असं एक जरी उपकरण निवडलेलं असलं तरी विभाग राहील, आणि ‘नाही’ म्हणायची सोयच मिळणार नाही. पण उपकरणं कोणती? मी काकांकडे गेलो.

‘‘काका, कुठल्या मशीनला काय जोडलंय?’’

‘‘मी कुलूप उघडतो आणि झाडू मारून घेतो, बा. हात लावणारे ते बाहेर उभे आहेत. जा, पूछ.’’

‘‘तुम्ही विचारा ना.’’

‘‘माझी परीक्षा हाय का?’’

बाहेर व्हरांड्यात वर्ग उभा होता. सगळ्यांनी टाय लावले होते. मी गेलो आणि मनात जुळवलेलं वाक्य म्हणून टाकलं, ‘‘तुम लोग लॅब में क्या-क्या वापरते?’’ घाईत ‘वापरते’ मराठीच राहिलं.

सगळे माझ्याकडे वळले. मग एक जण ओरडला, ‘‘अरे, ये बात बी करता रे!’’

‘‘चार साल में पैली बार आवाज सुन रऊँ मैं,’’ दुसरा म्हणाला. ‘‘काइकू पूछ रा? सर को कंप्लेंट करता क्या?’’

‘‘नाही, नाही. माझं मशीन हँग झालं. फ्लॉपीनं.’’ हे मी अर्धं हिंदीत, अर्धं कशात तरी सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. थोडे हसलेही. पण हँग झालेलं मशीन प्रत्येकाला कळतं.

‘‘कोपऱ्यातल्या मशीनमध्ये साउंड कार्ड आहे,’’ एकानं आवाज खाली आणून सांगितलं, ते त्याच्या हिंदीत. ‘‘सर जेवायला गेले की आम्ही गाणी ऐकतो. लिही, पण नाव नको लिहू.’’ एका मुलीनं सांगितलं की ऑफिसचा जुना प्रिंटर तिसऱ्या मशीनला आहे, हॉल तिकिटं त्यावरच निघतात. ‘‘तुझंही त्यावरच निघालं, बाबू,’’ ती म्हणाली. फ्लॉपी तर प्रत्येकाच्या खिशात होती. एकेक गाणं तीन-तीन फ्लॉप्यांवर तोडून ते चार वर्षं एकमेकांना देत आले होते. माझ्या पाठीमागच्या बाकांवरून हे सगळं चाललं होतं.

मी आत येऊन बसलो. तीन उपकरणं, तीन नोंदी. लिहायला फार वेळ लागला नाही. पहिल्यांदा तयार केलं तेव्हा एका ओळीत चूक निघाली आणि चाळीस मिनिटं गेली. दुसऱ्यांदा चालू केलं तेव्हा अडीच वाजले होते. तेव्हा लक्षात आलं की तपासायला माझ्याकडे फ्लॉपीच नाही.

मागे वळलो तर एक उंच मुलगा दाराशी उभा होता. व्हरांड्यात तो काहीच बोलला नव्हता. हजेरी नंबरानं घ्यायचे, म्हणून मी त्याला त्रेचाळीस नंबर म्हणून ओळखत होतो. तो आला, शेजारचं स्टूल ओढून बसला आणि खिशातली फ्लॉपी आत सरकवली.

‘‘हँग झालं तर तुझी फ्लॉपीही खराब होईल,’’ मी म्हणालो.

‘‘होने दे. नवा गाना नै है.’’

दिवा लागला. घरघर झाली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो. फाइलींची यादी आली.

‘‘हौ, आया,’’ तो म्हणाला. मग त्यानं काही लिहून पाहिलं, काढून पाहिलं, परत घातलं. कुणी न सांगता कोपऱ्यातल्या मशीनवरही माझा कर्नल चढवायला त्यानं मदत केली आणि गाण्याचा एक तुकडा वाजवला. पाऊण तास तो बसला असेल. आम्ही मशीनशिवाय दुसरं काही बोललो नाही. मग त्याच्या गटाला डेमोला बोलावलं आणि तो टाय नीट करत उठून गेला.

चार वाजता मॅडमनी आपली फ्लॉपी घातली, कोड घेतला, मग मुद्दाम विभागाला ‘नाही’ म्हणायला गेल्या. तो प्रश्न आलाच नाही. त्याऐवजी एक ओळ आली, की हा विभाग फ्लॉपीला लागतो. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. ‘‘आता हा आधी बाकीच्यांना विचारतो,’’ त्या म्हणाल्या आणि कागदावर काही तरी लिहिलं. सरांनी मला दाराबाहेर येऊन सांगितलं, ‘‘पास. जाओ, घर फोन करो.’’

मी व्हरांड्यात आलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. सगळे हिमायतनगरला खायला गेले होते, काकांनी सांगितलं. माझी वाट बघायची असं कुणी ठरवलं नव्हतं, आणि मी थांबा असं कुणाला म्हटलं नव्हतं.

फोनवर अण्णा म्हणाले, ‘‘झालं का मग दुरुस्त?’’ मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टची माझी प्रत घ्यायला परत गेलो. तिच्यात पहिल्याच पानावर आभार होते. छापलेली दोनच माणसं, सर आणि अण्णा. मी पेन काढलं आणि खाली काकांचं नाव लिहिलं, प्रिंटर सांगणाऱ्या मुलीचं लिहिलं, साउंड कार्डवाल्याचं त्यानं नको म्हटलं होतं तरी लिहिलं. ही दोन्ही नावं व्हरांड्यात कानावर पडली होती. मग थांबलो. त्रेचाळीस नंबरचं नाव मला माहीत नव्हतं.

वर्ग संपला होता, मुलं पांगली होती. काकांनी लॅबची सहीची वही काढून दिली. त्या दिवशीच्या तारखेपुढे, कोपऱ्यातल्या मशीनच्या ओळीत, त्रेचाळीससमोर त्याची सही होती. तेलुगूत.

‘‘काय लिहिलंय काका?’’

‘‘बोलता येतं बा मला. वाचता नै येत.’’

चार वर्षं मी त्या शहरात होतो आणि बसच्या पाट्या मी आकड्यांवरून ओळखायचो. वही समोर ठेवली आणि त्याची सही माझ्या पानावर उतरवायला लागलो, एकेक गोल, एकेक शेपूट, चित्र काढावं तशी. दोनदा खोडावं लागलं. ते पान माझ्याकडे आहे. तेलुगू येणाऱ्या एखाद्याला दाखवलं तर तो अर्ध्या मिनिटात वाचून सांगेल. अजून मी कुणाला विचारलेलं नाही.