खाटेवरून दिसणारी गल्ली

धम्मानंद मेश्राम कामठीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. प्रकाशाच्या धड्यात त्यांचा हातखंडा होता. आरशाची सरळ रेघ, तिच्यावर तुटक स्तंभिका, जेवढ्या कोनात किरण आला तेवढ्याच कोनात परत फिरलेला. फळ्यावर ते न मोजता काढत आणि नंतर कोनमापक लावून मुलांना दाखवत.

निवृत्तीनंतर ते इंदोऱ्यातल्या घराजवळच एका शिकवणीत जाऊ लागले. घरी पत्नी यशोधरा. मुलगी दीक्षा लग्न होऊन बंगळूरला. त्या वर्षी यशोधरा न्हाणीत घसरली आणि तिच्या मणक्याला मार बसला. डॉक्टरांनी उताणंच पडून राहायला सांगितलं, मानही वळवायची नाही. खोली चिंचोळी, खाट फिरवायला जागा नाही. गल्लीकडची खिडकी नेमकी तिच्या डोक्यामागे आली.

मास्तर शिकवणीहून आले की ती विचारायची, कोण गेलं, मनकर्णा दिसली का. मनकर्णा तिची मैत्रीण, शेजारच्या घरातली. दोघी रोज संध्याकाळी विहारात जात. अपघातानंतर एकदा येऊन रडून गेली, मग फिरकली नाही. मास्तर म्हणत, नाही दिसली. आणि पेपर उघडत.

एकदा ती म्हणाली, "दिवसभर पंखाच पाहून राहिली मी."

त्या रात्री मास्तरांनी कागद घेतला. खोली वरून पाहावी तशी काढली. खाट, खिडकी, समोरची भिंत, भिंतीवर आरसा. खिडकीतून किरण आत आणला, परतवला आणि तिच्या डोळ्यापर्यंत नेला. सकाळी कपाटाचा जुना आरसा उतरवून पायथ्याच्या भिंतीवर उंच टांगला.

"काय दिसते?"

"विजेच्या तारा. अन् खांबाच्या शेंड्यावरचा कावळा."

मास्तरांना चूक कळेना. आकृती तर बरोबर होती. दुपारी आंघोळ घालायला येणाऱ्या दोघी नर्सबाईंनी यशोधरेला उताणंच फळीवर घेऊन न्हाणीत नेलं, तेव्हा ते त्या खाटेवर आडवे झाले, जिथे तिचं डोकं असतं तिथंच. खोली एकदम मोठी आणि रिकामी वाटली. पंखा, छताचा पोपडा, एक पाल. बाहेर दोघं जण बोलत गेले, आवाज आला, माणसं दिसली नाहीत. इतके महिने आपण हिच्या उशाशी बसत होतो आणि इथून काय दिसतं हे पाहिलं नव्हतं, हे त्यांना तिथे पडल्यावर कळलं. उठून त्यांनी पुन्हा कागद घेतला.

मग दुसरी आकृती काढली, बाजूने. डोळा खाली, आरसा वर. म्हणून नजर परतून आभाळाकडे जात होती. आरसा वरून थोडा पुढे झुकवायचा, जेवढा झुकेल त्याच्या दुप्पट किरण वळतो. वरच्या कडेमागे लाकडाचा तुकडा बसवला. यशोधरेने आरशात पाहिलं. गल्लीतून एक सायकल गेली, तिच्या डोळ्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

चार-आठ दिवसांनी मनकर्णा खिडकीपुढून जाताना थबकली. आतल्या आरशात यशोधरेचे डोळे तिच्याकडेच बघत होते.

"मले वाटलं तू झोपून राहत असशील वं," ती म्हणाली.

"मी तुले रोज जाताना पाहून राहिली."

मनकर्णा आत आली. त्यानंतर ती येत राहिली, मात्र रोज नाही. बाकीचे लोक नेहमीसारखे न पाहता निघून जात. यशोधरा त्यांना नावाने ओळखायची.

उन्हाळा सरता सरता यशोधरा गेली. दीक्षाने मास्तरांना बंगळूरला नेलं, पण त्यांचं मन रमलं नाही, परत आले. शिकवणी सोडली. स्वतःपुरता भात टाकतात, उरला तर सकाळी खातात. मनकर्णा भाजी घेऊन जाताना फाटकाशी उभी राहते, मास्तर बाहेर येतात. वांगी कशी दिली, ऊन किती आहे, एवढंच बोलणं होतं. यशोधरेचं नाव दोघंही काढत नाहीत. मनकर्णा पुढे गेली की मास्तर तिथेच काही वेळ उभे राहतात, मग आत येऊन दार ओढून घेतात.