दोन स्वयंपाकघरं, एक कॅमेरा आणि घर सोडायला कुणीच तयार नाही

"तुला बूम धरता येईल का?" असा मृणालचा फोन आला तेव्हा मी नाशकात मेथी निवडत बसले होते. बूम म्हणजे टोकाला माइक लावलेली लांब काठी, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र काहीही न कळता हो म्हणून मोकळी झाले.

मृणाल माझी कॉलेजातली मैत्रीण. अंबरनाथ पश्चिमेला एका टेलरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन ती माहितीपट आणि रिअ‍ॅलिटी शो बनवणारी कंपनी चालवते. कंपनी म्हणजे ती स्वतः, कॅमेरामन नीलेश आणि एक कुरकुरणारा पंखा. एका चॅनेलने तिच्याकडून नमुन्याचा एक भाग मागवला होता. दोन बायकांनी एक दिवस एकमेकींचं स्वयंपाकघर सांभाळायचं, आणि त्यात एक तरी सणसणीत भांडण व्हायलाच हवं. भाग पसंत पडला नाही, तर मृणाल कंपनीला कुलूप लावून हैदराबादला नोकरी धरणार होती. त्यात आवाजाचं काम बघणारा माणूस तापाने आडवा झाला, म्हणून माझी वर्णी लागली.

नाशकाहून गाडीने जाणार असाल तर माझं ऐका, भिवंडीच्या वाटेला जाऊ नका. शहापूरहून मुरबाड आणि तिथून बारवी धरणाच्या बाजूने बदलापूर गाठा. रस्ता अधूनमधून कंबर मोडतो, पण दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि ट्रक कमी. कसाऱ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, तर्री मागाल तितकी. संध्याकाळी अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं. इतकं कोरीवकाम की मान अवघडते, आणि बाहेर लगेच पाणीपुरीची गाडी. दोन्हींवर माझा सारखाच जीव जडला. मुक्काम मृणालच्या ऑफिसात, सतरंजीवर.

दुसऱ्या दिवशी चामटोली. बदलापूर स्टेशनवरून तिथवर रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून घ्या. शोमधल्या दोघींपैकी सुनंदाताई तिथल्या, घरची भातशेती, नवरा अंबरनाथच्या कारखान्यात. बेत असा होता की दुसऱ्या, उल्हासनगरच्या सिंधी लाजवंती आंटींना आम्ही सोबत आणायचं, त्यांनी सुनंदाताईंच्या चुलीचा ताबा घ्यायचा आणि त्याच गाडीतून सुनंदाताईंनी आंटींच्या घरी जायचं. कागदावर फक्कड दिसत होतं.

सुनंदाताईंनी आंटींच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, गादीवर बसवलं, चहा दिला. मृणाल म्हणाली, ताई, आता तुम्ही निघा. ताई जागच्या हलल्या नाहीत.

"घरी पावनी आलीय आन् मी भायेर निघून जाऊ? लोका काय म्हनतील?"

मृणालने परोपरीने समजावलं. हा शोच अदलाबदलीचा आहे, महिन्याभरापूर्वी तुम्हीच हो म्हणालात. ताईंनी सगळं मान्य केलं आणि भाकरीचं पीठ मळायला बसल्या. मृणालने नीलेशकडे पाहिलं, नीलेशने माझ्याकडे, आणि मला इतकं हसू फुटलं की बूम आंटींच्या डोक्यात बसणार होता. इतक्या दिवसांच्या तयारीत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. पाहुणी दारात असताना आपली आई तरी घर सोडून गेली असती का? आपण मराठी माणसं असून आपल्याला कळू नये म्हणजे कमालच.

आंटींना चुलीजवळ फिरकू दिलं नाही, विळीला हात लावू दिला नाही. त्या गादीवर, ताई चुलीपाशी, आणि दोघी एकमेकींचं कौतुक करतायत. दुपारपर्यंत आमच्याकडे नुसता गोडवा भरलेलं शूटिंग होतं. मृणालचा चेहरा उतरला होता आणि मला मनापासून वाईट वाटत होतं.

शेवटी जेवणाची सुट्टी झाली. नीलेशने कॅमेरा चार्जिंगला लावला. तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं. मी या ब्लॉगसाठी ताटाचा व्हिडिओ घ्यावा म्हणून फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि जेवणात अशी रमले की बंद करायला विसरले.

जेवण होताच आंटी स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघाल्या. ताईंनी ते दुसऱ्या बाजूने धरलं.

"सोडा ताट."

"नहीं सोडणार. सकाळपासून बसवून ठेवलंय मला, मैं कोई बीमार हूँ क्या?"

"माझ्या मोरीत पावनीनं ताट घासलं तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

आवाज चढले. ताट इकडून तिकडे, तिकडून इकडे. आंटी म्हणाल्या, आता पाणीसुद्धा पिणार नाही या घरात. ताई म्हणाल्या, बघतेच कशी पीत नाही ती. उरलेलं बिरडं उडून मृणालच्या कुर्त्यावर. ती कळवळून "कॅमेरा, कॅमेरा" म्हणत होती आणि नीलेश बिरड्याने माखलेला हात वर धरून उभा. ताट शेवटी ताईंनी जिंकलं. पाचव्या मिनिटाला दोघी शेजारी बसून सुपारी कातरत होत्या.

मृणाल ओसरीवर जाऊन डोकं धरून बसली. हवं ते घडलं होतं आणि हातचं गेलं होतं. मी फोन उचलायला गेले, तर तो चालूच होता. खाली अर्ध्या चौकटीत माझी भाकरी, वर दोघी आणि ते ताट, एक शब्द न चुकता. मृणालने मला अशी मिठी मारली की बिरडं माझ्याही कुर्त्याला लागलं.

तिसऱ्या दिवशी उल्हासनगर, कॅम्प तीन. तिथे गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात दिवस जाईल. अर्थात इथेही अदलाबदल नव्हतीच, दोघी सोबतच आल्या. आंटींनी आल्या आल्या पाणी आणि पापड पुढे केला, सिंध्यांकडची ती रीत. मग दाल पकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, मग कोकी ही कांदा घातलेली जाड पोळी, आणि ताईंना पेलासुद्धा उचलू दिला नाही. नाक्यावरच्या गाडीवरही दाल पकवान साठ रुपयांत मिळतं आणि खासच असतं, पण आंटींच्या हातचं वेगळं.

घरी परतल्यावर कपडे धुतले, ब्लॉगवर फोटो लावले. मी डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलेत, पण इतकं पोटभर हसून कुठल्याच सहलीहून आले नव्हते. फक्त मृणालचं काय होणार याची धाकधूक कुठे स्वस्थ बसू देत नव्हती.

आठवड्याभराने तिचा फोन आला. चॅनेलला भाग आवडला, भांडण तर फारच. मी ओरडलेच. ती म्हणाली, थांब. ज्यांचं शूटिंग केलं त्यांच्या होकाराशिवाय टीव्हीवर काही दाखवायचं नाही, हा तिच्या कंपनीचा नियम. तिने दोघींना तो व्हिडिओ पाठवला होता आणि आता दोघींना फोनवर घेत होती. नाही म्हणाल्या तर हैदराबाद. धीराला म्हणून मी ऐकत राहायचं.

मृणालने घसा साफ केला. "ताई, आंटी, तुमचं ते भांडण टीव्हीवर दाखवलं तर चालेल का?"

 मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"दाखव की," सुनंदाताई म्हणाल्या. "पन त्यात भांडन कुठं हाय?"

"वही तो," लाजवंती आंटी म्हणाल्या. "मैंने दो बार देखा. कोण भांडलं?"